दुहेरी जाळी

"माझ्या मुलाच्या पायाला भिंगरी आहे," असं सासूबाई ह्यांच्याबद्दल म्हणायच्या, तेव्हा मला वाटायचं, मुलगा घरी टिकत नाही म्हणून कुरकुरताहेत. लग्नानंतर आठवडाभरात कळलं की हा माणूस घरातल्या घरातसुद्धा टिकत नाही. जेवताना उठायचं, खिडकी बोटभर उघडायची, परत बसायचं. दोन घास खाल्ले की पुन्हा उठून मागचं दार लोटायचं. विचारलं तर म्हणायचे, "हवा अडकली होती." आता हवा अडकते कुठे आणि सुटते कुठे, याची चौकशी माझ्या माहेरी कुणी कधी केली नव्हती. पहिली दोन वर्षं मी भांडले. नंतर ताट वाढलं की मीच विचारायला लागले, "आज कुठली खिडकी?"

तरुणपणी ते पंख्यांच्या दुकानात होते. जळालेल्या मोटारीची तार उलगडायची आणि नवी गुंडाळायची, हे काम. ते दुकान बंद पडलं आणि ते कॉम्प्युटरच्या दुरुस्तीकडे वळले. गेली अकरा वर्षं रुग्णवाहिका बोलावायच्या केंद्रात आहेत. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, सहा टेबलं, सहा कॉम्प्युटर, आणि त्यांच्यासमोर रात्रंदिवस कुणी ना कुणी कानाला फोन लावून बसलेलं. पत्ता सांगा, श्वास चालू आहे का, दार उघडं ठेवा. ती सहा खोकी तापू द्यायची नाहीत, बंद पडू द्यायची नाहीत, हे आमच्या ह्यांचं काम. तिथे त्यांना त्यांच्या नावाने कुणी ओळखत नाही. सगळे हवामास्तर म्हणतात.

त्यांनी मला ते शास्त्र एका वाक्यात शिकवलं होतं. खोक्याच्या पुढून गार हवा आत यायची, मागून गरम हवा बाहेर पडायची, आणि मधे तिला कुणी अडवायचं नाही. मी म्हटलं, "म्हणजे संसारासारखंच की." तर म्हणाले, "संसारात अडवणारीच जास्त," आणि उठून खिडकीकडे गेले.

तीन वर्षांपूर्वी तिथे एक नवे साहेब आले. पाहुण्यांना खोकी आणि वायरींचा गुंता दिसू नये म्हणून त्यांनी प्रत्येक टेबलाखाली लाकडी कपाट करून घेतलं, दारासकट. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खालची धग कशी लागणार? आठ दिवसांत खोकी भाजून निघाली. तेव्हा आमचे हे कुणाला न विचारता ड्रिल घेऊन गेले आणि साहेबांच्या नव्या कोऱ्या कपाटांना पुढून-मागून वाटीएवढी भोकं पाडून आले. बोलणी खाल्ली, पण भोकं राहिली. मग प्रत्येक खोक्यात पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, अशी मांडणी केली. पंखा बसवला की माझ्या डब्यातला शिवणाचा दोरा त्याच्यासमोर धरून बघायचे. दोरा आत खेचला गेला की आत, बाहेर उडाला की बाहेर. पंख्याच्या कडेला बाण छापलेला असतो, पण त्यांचा विश्वास दोऱ्यावर.

आणि जाळी माझी. पुढच्या पंख्यांतून हवेबरोबर धूळही आत जाते, ती अडवायला. विकतच्या जाळ्या त्या खोक्यांच्या मापाच्या मिळेनात, म्हणून मी जुन्या पडद्याच्या झिरझिरीत कापडातून शिवून दिल्या, कडेला इलॅस्टिक घालून. मी घरी शिवणकाम करते, मला त्यात काय जड? दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हे सहाही खोकी उघडणार, पंखे पुसणार, जुन्या जाळ्या धुवायला घरी आणणार आणि धुतलेल्या बसवणार. सरकारी कामात घरची जाळी चालते का, हे कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

या वेळी जाळ्या विरल्या होत्या. मी नवं कापड आणलं, पण त्याची भोकं जरा मोठी निघाली. त्यातच मागच्या महिन्यात हे म्हणाले होते, "धूळ अजून आत जातेच थोडी." मला वाटलं, एकाला दोन थर दिले तर? मी दोन थर घेतले, आणि माझं डोकं एवढ्यावर थांबलं नाही. वरचा थर तिरका लावला, म्हणजे खालच्या भोकावर वरचं भोक येणार नाही. स्वतःवरच खूश झाले. ह्यांना मुद्दाम सांगितलं नाही. महिनाभराने खोकं उघडतील, आत धुळीचा कण दिसणार नाही, चकित होऊन घरी येतील, आणि मग मी सांगेन, असा बेत होता. नवऱ्याला एकदा तरी तोंडात बोट घालायला लावायचं, एवढाच हव्यास.

सोमवारी संध्याकाळी ते खुशीत घरी आले. "या वेळच्या जाळ्या काय घट्ट बसल्यात! डोळे झाकून बसवल्या बघ."

मी गालातल्या गालात हसले.

गुरुवारी दुपारी कोपऱ्यातल्या टेबलावर एका बाईचा फोन आला. नवऱ्याच्या छातीत कळ आली होती. कोपऱ्यातली ऑपरेटर मुलगी पत्ता टाइप करत होती. अर्धा झाला आणि पडदा काळा. मशीन तापून बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, मिनिटभरात पुन्हा बंद. तिकडे ती बाई फोन टाकून नवऱ्याकडे धावलेली, तिला विचारायची सोय नाही. शेवटी शेजारच्या टेबलावरून फोन नंबरावरून पत्ता शोधला. गाडी सात मिनिटं उशिरा निघाली. माणूस वाचला, दवाखान्यात आहे, असं त्याच दिवशी कळलं. पण सात मिनिटं म्हणजे सात मिनिटं. त्या बाईच्या जागी मी असते, तर मला ती सात वर्षं वाटली असती.

कपाटवाल्या साहेबांच्याही वर असलेल्या मोठ्या साहेबांनी ते मशीन जसंच्या तसं सील केलं. चौकशी पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता. तोवर हवामास्तरांनी त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही, कुठल्याही मशीनला हात लावायचा नाही. जागच्या जागी बसायची शिक्षा, आणि ती कुणाला, तर ह्यांना!

शुक्रवारपासून आमच्या दोन खोल्यांत जी येरझार सुरू झाली, तिने फरशी झिजली नाही हे नशीब. खिडकीपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून दारापर्यंत. हातात माझा दोरा. मधेच थांबून बोटाला गुंडाळायचे, सोडायचे.

"पाच खोक्यांना मागचा पंखा बसवल्यावर दोरा धरला, ते आठवतंय," ते म्हणाले. "सहावं कोपऱ्यातलं. सहा वाजून गेले होते, ती पोरगी पर्स घेऊन उभी होती. तिथे धरला का? आठवत नाही. पुसायला काढला होता, बसवला, स्क्रू आवळले. दोरा आठवत नाही."

"म्हणजे उलटा बसला असेल?"

"उलटा बसला तर तिन्ही पंखे आत ढकलणार. बाहेर काढणारा कुणीच नाही. मग तापणार नाही तर काय होईल?" आणि पुन्हा दाराकडे.

"अहो, अकरा वर्षांत कधी उलटा बसला नाही."

"म्हणूनच बसला असेल. हात सवयीने चालला असेल, डोकं घरी आलं असेल."

शनिवारी सकाळी त्यांनी माझं कपड्यांचं कपाट रिकामं केलं. सगळ्या घड्या पलंगावर, आणि कपाटात आमचा घरचा कॉम्प्युटर. हासुद्धा त्यांनीच जोडलेला, अगदी केंद्रातल्यासारखा. कपाटाच्या दाराला आणि मागच्या फळीला वाटीएवढी भोकं पाडली. मी कपाळावर हात मारला, पण बोलले नाही. मागचा पंखा मुद्दाम उलटा लावला, दार बंद केलं, मशीनला जड काम दिलं आणि समोर उकिडवे बसले. तासभर झाला. तापलं, पण बंद पडेना. दुसरा तास झाला, तरी नाही.

"मग तिथे का पडलं?" ते दोन्ही हातांनी डोकं खाजवत उठले. "खोकं तेच. पंखे तेच. कपाट तसंच, भोकं तेवढीच. जाळी तीच."

मी पलंगावरच्या साड्यांच्या घड्या सारख्या करत होते. माझा हात तिथेच थांबला.

जाळी तीच नव्हती. घरच्या खोक्याला जुनी, एकेरी जाळी होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी गत. हे जगभर कारण शोधत होते आणि कारण त्यांच्या मागे घड्या घालत बसलं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, आणि का नाही, हे मी स्वतःला नंतर शंभर वेळा विचारलंय. एक तर खात्री नव्हती. दुसरं, आपण गप्प बसलो तर चौकशीत कपाटांवर ठपका येईल, कपाटं नव्या साहेबांनीच करून घेतलेली, म्हणजे प्रकरण आपोआप थंड होईल, असा माझा हिशेब. घरच्या जाळ्यांचं बाहेर आलं तर विनापरवानगी काम केलं म्हणून ह्यांची नोकरी जाईल, अशी भीतीही होती. पण खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. मी हुशारी करायला गेले होते. अति तिथे माती, हे मी दुसऱ्यांना सांगत आले होते, आणि आता ती माती माझ्याच हाताला लागली होती.

सोमवारी ते पाय मोकळे करायला बाहेर गेले, तेव्हा मी उरलेल्या कापडाचे दोन थर घेतले, वरचा तसाच तिरका धरला, तोंडासमोर ताणला आणि फुंकर मारली. फुंकर माझ्याच तोंडावर परत आली. आता खात्री नव्हती, असं म्हणायची सोय उरली नाही.

तरीही गप्प. चोराच्या मनात चांदणं. ह्यांनी नुसतं "अगं" म्हटलं तरी मी दचकायचे. एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. आता घरात दोघं येरझारा घालत होतो आणि मधेच एकमेकांना धडकत होतो. बाकीच्या पाच जाळ्या अजून तिथेच आहेत, हे मला कळत नव्हतं असं नाही. रोज सकाळी वाटायचं, काल काही झालं नाही, म्हणजे आजही होणार नाही.

मंगळवारी त्यांनी चौकशीसाठी लेखी जबाब लिहिला आणि मला वाचून दाखवला. मागचा पंखा माझ्या हातून उलटा बसला असावा, दोरा धरून खात्री केल्याचे मला आठवत नाही, चूक सर्वस्वी माझी आहे. त्याखाली काम सोडत असल्याचं एक वाक्य.

"हे काय भलतंच?" मी ओरडलेच. "उलटा होता की सुलटा, ते शुक्रवारी सील उघडल्यावर कळेल ना!"

"सुलटा निघाला तरी काय? आपल्या हाताने काय केलं, हेच ज्याला आठवत नाही, त्याने असल्या मशीनला हात लावू नये. मीटरचे आकडे टिपायचं काम मिळतंय का बघतो. त्यात कुणी मरत नाही."

पन्नाशी उलटलेल्या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा उडालेला बघणं सोपं नसतं. हात मांडीवर ठेवून ते त्यांच्याकडे बघत बसले होते, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. तेव्हासुद्धा माझं तोंड उघडलं नाही. मी चहा केला. तोही उतू गेला.

बुधवारी उन्हाने कहर केला. गुरुवारी सकाळी साडेनऊला त्यांचा फोन वाजला. कोपऱ्यातली ऑपरेटर मुलगी, आता दुसऱ्या टेबलावर बसवलेली.

"मास्तर, तुम्हाला फोन करू नका म्हणून सांगितलंय, पण माझ्या पायाशी हा पंखा कालपासून ओरडतोय हो. त्या दिवशी ते मशीन बंद पडायच्या आधी असाच ओरडत होता. शेजारचा पण तसाच करतोय. आत्ता दोन फोन चालू आहेत. काय करू?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे तेही उलटे," ते म्हणाले. फोनमध्ये नाही, भिंतीकडे बघून. "सगळेच उलटे बसवले मी. सगळे."

"अहो, जाळ्या काढायला सांगा," मी म्हणाले.

"काय?"

"जाळ्या! पुढच्या जाळ्या ओढून काढायला सांगा तिला, आत्ताच्या आत्ता. दुहेरी आहेत. मी दोन थर लावलेत, तिरके. हवा जात नाही त्यातून. पंखे सुलटेच असतील तुमचे. आधी सांगा तिला!"

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग फोनमध्ये इतक्या शांतपणे बोलले, की मला तो आवाज ओळखू येईना. "पोरी, कपाटाचं दार उघड. खोक्याला पुढे कापडी जाळी आहे, इलॅस्टिकची. धरून ओढ. निघाली? आता बाकीच्या चार काढ. फोन कुणीही ठेवायचा नाही. दारं उघडीच राहू देत."

दहा मिनिटांनी तिचा पुन्हा फोन आला. पंखे गप्प झाले होते.

ते पलंगावर बसले. आठ दिवसांत पहिल्यांदा टेकून बसले. खांदे हलायला लागले, तेव्हा मला वाटलं हसताहेत. रडत होते. "म्हणजे माझा हात चुकला नव्हता," म्हणाले. "नव्हता चुकला ना?"

"नाही हो. माझा चुकला."

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच सुचलं, म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलवली असती. पण तेवढी हिंमत नव्हती, किंवा तेवढी तरी होती म्हणा. "शनिवारी," मी म्हणाले. "तुम्ही जाळी तीच म्हणालात, तेव्हा."

ते अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागले. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. पाचव्या पेरावर थांबले. उठून लेखी जबाब फाडला आणि दुसरा लिहायला बसले. तो मला वाचून दाखवला नाही.

शुक्रवारी मी बरोबर गेले. नको म्हणाले, तरी गेले. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर सील फोडलं, खोकं उघडलं. मागचा पंखा सरळ होता, बाण बाहेरच्या दिशेने. मग साहेबांनी माझी जाळी खिडकीसमोर धरली. तिच्यातून खिडकी दिसेना.

"ही कुणी केली?"

"घरी शिवली," हे म्हणाले. "पण बसवली मी. बसवण्याआधी अशीच उजेडात धरून बघायला हवी होती, ती बघितली नाही. म्हणून जबाबदारी माझी."

"शिवली मी," मी मधेच म्हणाले. माझा आवाज चढलाच, घाबरले की चढतोच. "ह्यांना दुहेरीचं माहीत नव्हतं. आणि मला शनिवारीच कळलं होतं, तरी मी सांगितलं नाही. हेही लिहून घ्या."

साहेबांनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी ते लिहून घेतलं. ह्यांना लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. जाळ्या यापुढे मापाच्या, कारखान्यातल्या. कपाटांची दारं काढून टाकायची. सोमवारपासून कामावर या, म्हणाले.

एवढं झाल्यावर जीव भांड्यात पडायला हवा होता. पण जिना उतरताना हे माझ्यापुढे दोन पायऱ्या, न बोलता, एका लयीत उतरत होते. चालताना इकडेतिकडे बघणं नाही, थांबणं नाही, कुठल्या खिडकीकडे मान वळवणं नाही. मला ते सहन होईना.

"अहो, रागवा तरी," मी म्हणाले. "घालूनपाडून बोला. पाच दिवस तुम्हाला जाळत ठेवलं मी."

ते वळले. चेहऱ्यावर राग शोधला, तो नव्हता.

"रागवायचा प्रयत्न कालपासून करतोय," ते म्हणाले. "आठ दिवस मी सगळ्यांवर संशय घेतला. पंख्यांवर, साहेबांच्या कपाटांवर. त्या पोरीवरही, की तिने आत चहा सांडला असेल आणि लपवत असेल. स्वतःवर तर उठताबसता. तुझ्यावर एकदाही आला नाही गं. मनातसुद्धा आला नाही."

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं, टोमण्यांना मी कधी हार गेलेली नाही. पण ते नुसतं घडलेलं सांगत होते. सांगून झाल्यावर पुन्हा उतरायला लागले, आणि मी कठडा धरून त्यांच्या मागे उरलेल्या पायऱ्या उतरले.